भाकरमावशींची अर्धी भाकर

भाकरमावशींनी कुठलीही वस्तू अख्खी खाल्लेली मी पाहिली नाही. बिस्किट असो, केळं असो, नाताळची करंजी असो, आधी तिचे दोन तुकडे व्हायचे आणि एक तुकडा शेजारच्या माणसापुढे यायचा. शेजारी कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. एकदा दवाखान्याच्या रांगेत त्यांनी एका अनोळखी हवालदाराच्या हातावर अर्धा पेढा ठेवला होता. "अख्ख्यानं कुणाचं पोट भरत नाही, अर्ध्यानं भरतं," असं म्हणायच्या. हे गणित मला कधी कळलं नाही, पण पेढा मी घेत असे.

खडकीतल्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत एकच भाकर मोडून तिचा तुकडा सगळ्यांनी खायचा. त्याची भाकर वर्षानुवर्षं मावशीच करायच्या, म्हणून हे नाव. गव्हाचं पीठ, चिमूटभर मीठ, खमीर अजिबात नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर ती जाड, गोल भाकर भाजली जायची आणि पांढऱ्या फडक्यात बांधली जायची. त्या वेळी कोणी बोलायला गेलंच तर ऐकावं लागायचं, "प्रभूचं काम चाललंय. तुझं नंतर."

मग आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, फूट पडली. कशावरून? ड्रमवरून. हसू नका, माणसं याहून क्षुल्लक गोष्टींवरून फुटतात. माझे बाबा मंडळीचे सेक्रेटरी. पेटी-तबल्याशिवाय भजन म्हणजे त्यांना लग्नाची वरात वाटायची. मावशींचे धाकटे भाऊ शांतवनमामा तरुण पोरांच्या बाजूचे. त्यांनी उपासनेत ड्रम आणला, बाबांनी तो उचलून सायकलींच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. झालं. शांतवनमामा निम्मी मंडळी घेऊन विश्रांतवाडीला गेले आणि एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन तिथं उपासना करू लागले. हे दोघं एका फॅक्टरीत, एका पाळीत नोकरी केलेले, एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवलेले! आता बाजारात समोरासमोर आले की एक चपलांकडे बघायचा आणि दुसरा आभाळाकडे.

त्यानंतरचा पहिला रविवार आठवला की आजही अंगावर काटा येतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून ताटावरचं फडकं उचललं आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. ताटात अर्धी भाकर होती. सगळ्यांसमक्ष जी मोडायची, ती आधीच मोडून आली होती. शेवटी बाबा उठले आणि बाकीची अर्धी कुठं आहे म्हणून त्यांनी मावशींना विचारलं.

मावशी पहिल्या बाकावर बसूनच म्हणाल्या, "विश्रांतवाडीला देऊन आले. मंडळी तुम्ही मोडलीत, मी नुसती भाकर मोडली."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. हा वेदीचा अपमान आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. मावशींनी पदर सावरला. "पीठ एक, तवा एक. तुम्हाला अख्खी हवी असेल तर कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव मिळतो." पाळकसाहेबांनी त्या अर्ध्याच भाकरीचे तुकडे केले.

पण खरा धक्का पुढेच होता. ताट मावशींपाशी आलं, त्यांनी मान झुकवली आणि तुकडा न घेता ते पुढे सरकवलं. लहानपणापासून ज्यांच्या हातची भाकर आम्ही खाल्ली, त्या स्वतः जेवल्या नाहीत! उपासना सुटल्यावर मी त्यांना गाठलं. विश्रांतवाडीलाही त्यांनी घेतली नव्हती. "एकाच घरचं जेवण दोन पंगतींत वाढलंय," म्हणाल्या. "मी कुठल्या पंगतीला बसू? एक झालात की बोलवा. उपाशी आहे, लगेच येईन."

तेव्हापासून दर पहिल्या रविवारी सकाळी त्या रिक्षानं होळकर पूल ओलांडून तिकडच्या लवकरच्या उपासनेला जायच्या, अर्धी भाकर भावाच्या हवाली करायच्या, जमलं तर त्याला चार शब्द ऐकवायच्या आणि उरलेली अर्धी घेऊन आमच्याकडे यायच्या. गुडघे दुखायला लागले तरी खाडा नाही. दोन्हीकडे ताट पुढे सरकवायच्या. आणि आम्ही? माणूस कशालाही सरावतो हो. पहिल्यांदा ज्या अर्ध्या भाकरीचा धसका घेतला होता, तिच्याकडे पुढे कोणी वळूनही बघेना.

यंदा मावशी गेल्या. सकाळी दूधवाल्याशी हुज्जत घातली, दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. दफनाला दोन्हीकडची मंडळी आली, आणि तिथं जे झालं ते सांगतानाही लाज वाटते. शवपेटी खड्ड्यात उतरली तशी या बाजूनं एक गीत सुरू झालं, त्या बाजूनं दुसरं. कोणी थांबेना. मावशींच्या अंगावर माती पडत होती आणि आम्ही एकमेकांपेक्षा मोठ्यानं गात होतो.

त्याच्या पुढचा रविवार महिन्याचा पहिलाच होता. भाकर माझ्या आईनं केली होती. पाळकसाहेबांनी फडकं उचललं. ताटात अख्खी, गोल भाकर. का कोण जाणे, ती बघवेना. काहीतरी भयंकर चुकल्यासारखं वाटलं. मागे कोणीतरी हुंदका दिला. बाबा उठले, आणि मला वाटलं, आता हे भांडणार.

बाबा वेदीपाशी गेले. "साहेब, हे बरोबर दिसत नाही," ते म्हणाले. "अर्धी द्या."

रुमालात बांधलेली अर्धी भाकर मांडीवर धरून ते माझ्याबरोबर रिक्षात बसले. विश्रांतवाडीच्या हॉलमध्ये उपासनेची वेळ केव्हाच उलटली होती, तरी सगळे बसून होते. पुढच्या टेबलावर ताट होतं, फडकं बाजूला पडलं होतं आणि ताट रिकामं होतं. इतकी वर्षं भाकर आपोआप यायची, आता ती कोण आणणार हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ताटासमोर शांतवनमामा डोकं धरून बसले होते. बाबांनी रुमाल ताटात ठेवला. मामांनी गाठ सोडली, त्या अर्ध्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक बाबांपुढे धरला. दोन म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडली.

पुढच्या महिन्यात विश्रांतवाडीची मंडळी खडकीला परत आली. ड्रमही आला. तो वाजायला लागला की बाबा कानात कापूस घालतात, पण जागचे उठत नाहीत. आता ताटात अख्खी भाकर असते आणि ती सगळ्यांसमक्ष मोडली जाते. पंगत एक झाली. आम्हाला हे मावशी असताना का सुचलं नाही? बोलवा म्हणाल्या होत्या, लगेच येईन म्हणाल्या होत्या. त्या उपाशी गेल्या. प्रभुभोजनाचा तुकडा तोंडात ठेवला की हेच आठवतं.