न झटकलेला पारा

प्रभाताईंची भाची मीनल हिचा फोन आला तेव्हा आठ वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती. “काका, आत्या गेली,” एवढेच ती म्हणाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि सहज उत्तर दिले, “हो, दोन मिनिटं आहेत अजून.” पलीकडून हुंदका ऐकू आला, आणि प्रभाताई गच्चीवर गेलेल्या नाहीत हे माझ्या ध्यानात आले.

या गैरसमजाची मला लाज वाटते. पण त्याचे कारण सांगितल्याशिवाय प्रभाताईंची ओळख पुरी होणार नाही. एकाच शाळेत त्या भूगोल शिकवीत आणि मी गणित. निवृत्तीनंतर त्यांनी हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, अधारताल भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर झडपांची एक पांढरी लाकडी पेटी उभी केली, तिचे दार उत्तरेकडे ठेवले आणि आत दोन तापमापक बसवले. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेआठ वाजता त्या वर जात. म्हणून आठ अठ्ठावीसला ‘आत्या गेली’ या शब्दांचा माझ्या कानाला एकच अर्थ ठाऊक होता.

दोन तापमापकांपैकी एक साधा होता, त्या घटकेचे तापमान दाखवणारा. दुसरा कमाल तापमापक. त्याची रचना ताप मोजण्याच्या जुन्या काचेच्या नळीसारखी असते: पारा वर चढतो, पण आपोआप उतरत नाही. दिवसातल्या सर्वांत तापलेल्या क्षणी तो जिथे पोचला, तिथेच थांबून राहतो. दुसऱ्या सकाळी आकडा वाचायचा, मग नळी हातात घट्ट धरून झटकायची आणि पारा साध्या तापमापकाशी जुळला की नाही ते पाहायचे. वाचण्याचीही रीत होती. आधी दशांश, नंतर अंश. मी पहिल्यांदा उलट वाचले तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, “सर, अंश कुठे पळून नाही जात. दशांश जातो. तुम्ही तिथे उभे राहिले ना, की तुमच्या अंगाची ऊब लागते त्याला.”

नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते: ‘ही नोंद घराच्या गच्चीवरील आहे. वेधशाळेच्या नोंदीशी तिची बरोबरी करू नये.’ पुढे प्रत्येक नव्या वहीत हे वाक्य पुन्हा लिहिले गेले. आपल्या आकड्याची मर्यादा स्वतःच आधी सांगून टाकणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

त्या काळात शहरातले एक हिंदी दैनिक त्यांचा आकडा रोज एका लहानशा चौकटीत छापत असे, खाली त्यांच्या नावासह. सुरुवातीच्याच एका उन्हाळ्यात त्या लग्नासाठी एका दिवसापुरत्या जवळच्या सिहोऱ्याला गेल्या. गच्चीची किल्ली माझ्याकडे होती. रविवारी सकाळचे वाचन मी करायचे आणि त्यांना फोनवर कळवायचे, असे ठरले होते. मी उठलो उशिरा. दीक्षितपुऱ्यातल्या माझ्या घरापासून अधारतालपर्यंत त्या उन्हात जायचा कंटाळा आला. वहीतले मागचे दोन आकडे मला पाठ होते, बेचाळीस पॉइंट चार आणि बेचाळीस पॉइंट सहा. गणिताच्या शिक्षकाला पुढचे पद काढायला किती वेळ लागतो? मी फोन केला आणि शांतपणे सांगितले, “बेचाळीस पॉइंट आठ.”

प्रभाताई त्याच सकाळी अकराच्या सुमारास परतल्या आणि प्रवासाची पिशवी हातात घेऊनच गच्चीवर चढल्या. पारा त्रेचाळीस पॉइंट पाचवर उभा होता. सकाळी अकराला हवा तेवढी तापलेली असणे शक्य नव्हते; तो शनिवारचाच पारा होता, कोणी न झटकलेला. त्यांनी प्रथम दैनिकाला फोन केला आणि “मेरी गलती थी, भैया” असे सांगून आकडा बदलून घेतला. नंतर मला बोलावले. सोबत नेलेल्या वहीत त्यांनी माझा आकडा लिहून घेतला होता; त्यावर आता एकच आडवी रेघ होती, खालचे ‘४२.८’ स्पष्ट वाचता येईल अशी. खोडरबर त्या घरात नव्हतेच. चूक दिसत राहिली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

“उशीर झाला तर उशीर लिहा, सर,” त्या म्हणाल्या. “पाहिलंच नाही, तर रेघ मारा, ‘नोंद नाही’ लिहा. मी काही म्हटलं असतं का? पण हे काहून केलं?”

त्यांनी चहा दिला, लग्नातले लाडू दिले, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. किल्ली मात्र माझ्याचकडे ठेवली. ती परत मागितली असती तर मला सोपे गेले असते.

चौकट बंद झाली ती पुढे काही वर्षांनी, मे महिन्यात. दैनिकाचे वार्ताहर दुबेजी त्या दिवशी स्वतः घरी आले होते, आणि मीही तिथे होतो. ताईंचा आकडा होता चव्वेचाळीस पॉइंट सहा.

“दीदी, चवालीस पॉइंट छह से हेडलाइन नहीं बनती,” दुबेजी म्हणाले. “मेरी गाड़ी में अड़तालीस दिखा रहा था.”

“गाड़ी कहाँ खड़ी थी?”

“धूप में.”

“तो छापिए, दुबेजी की गाड़ी को अड़तालीस डिग्री बुखार है.”

दुबेजी मोकळेपणाने हसले, पन्हे प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पारा अठ्ठेचाळीसच्या पार गेला होता, आणि आतल्या चौकटीत तोच आकडा प्रभाताईंच्या नावाने छापला होता. त्यांनी फोन लावला. दुबेजी समजुतीच्या स्वरात विचारीत होते, लोकांना उकडते आहे की नाही, तुम्हीच सांगा. मी शेजारी बसून ताईंचे उत्तर ऐकले.

“लग रही है गर्मी, भैया. चवालीस में भी आदमी मरता है, उसके लिए अड़तालीस नहीं चाहिए. आज आपने अड़तालीस छाप दिया... जिस दिन सचमुच सैंतालीस होगा, उस दिन क्या छापेंगे? लोग कहेंगे, चलो, एक डिग्री कम हो गया.”

दुरुस्ती छापून आली नाही. ताईंनी आपले नाव काढून टाकायला सांगितले, ते मात्र तत्परतेने झाले. पुढच्या आठवड्यापासून त्या जागी राशिभविष्य येऊ लागले.

मला वाटले, आता वही मिटेल. ती मिटली नाही. गुडघे दुखू लागले तेव्हा त्या एकेका पायरीवर थांबून चढत. साडेआठ गाठायचे म्हणून सव्वाआठलाच निघत. गल्लीतले कोणी मोबाइल पुढे करून “आंटी, इसमें तो सैंतालीस है” म्हणाले, तर त्या विचारीत, “जेब में रखा था क्या?” आणि पुढे चालू लागत. मी एकदा न राहवून म्हणालो, “ताई, आता हे कोणासाठी करून राहिल्या तुम्ही?” त्यांनी वहीच्या समासातली रेघ पुरी आखली. मग म्हणाल्या, “उद्या कोणी विचारलं तर?”

कोणी विचारले नाही. हे लिहिताना कोणावर राग नाही, फक्त थकवा आहे. वह्यांचा गठ्ठा वाढत गेला आणि विचारणारा आला नाही.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. ताई झोपेतच गेल्या होत्या. माणसे जमत होती, मीनलला आधार द्यायचा होता, डॉक्टरांचा कागद घ्यायचा होता. जिना माझ्या डोळ्यांसमोर होता. वर, पेटीत, आदल्या दिवसाचा पारा उभा होता. ताईंनी पाहिलेल्या शेवटच्या दिवसाचे कमाल तापमान. वर जाऊन यायला दोन मिनिटे पुरली असती. ‘वाचन उशिरा’ असे लिहिता आले असते. मला ते सुचलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सुचले, तेव्हा नव्या दुपारचे ऊन त्या पाऱ्यावरून गेलेले होते.

तेराव्यानंतर मीनलने मला वही आणून दिली. मीनल लहानपणापासून ताईंपाशीच वाढलेली. मराठी तिला कळते सारी, बोलताना मात्र अडखळते. तिने शेवटचा रिकामा रकाना दाखवला. “काका, लास्ट दिनवाला खाना खाली आहे. आत्याचा शेवटचा दिवस... असा खाली कसा ठेवायचा? तुम्ही भरून द्या ना. पेपर में तो होगा उस दिन का.”

पेपरात होते. वेधशाळेचा आकडा होता, आणि तो बरोबरच असणार. पण तो या गच्चीचा नव्हता. पहिल्या पानावरचे वाक्य त्याला आत येऊ देत नव्हते. मी किल्ली काढली आणि साडेआठला वर गेलो. कमाल तापमापकाचा पारा त्रेचाळीस पॉइंट नऊवर होता. तो ताईंच्या शेवटच्या दिवसाचा असू शकतो. त्यानंतरच्या कोणत्याही दिवसाचा असू शकतो. इतक्या दिवसांत सर्वांत जास्त किती तापले, एवढेच तो सांगत होता. केव्हा, ते सांगत नव्हता. तो आकडा रकान्यात लिहिला असता तर मीनलचे समाधान झाले असते, आणि खोटे आहे असे कोणीच सिद्ध करू शकले नसते. मला पकडणारे माणूसच आता उरले नव्हते.

खाली येऊन मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि लिहिले, ‘नोंद नाही’. पुढच्या प्रत्येक दिवसापुढे तेच. शेवटी समासात: ‘या अवधीतील कमाल ४३.९, दिवस अज्ञात.’ मीनल शेजारी उभी राहून वाचत होती. मग जुन्या वह्या चाळताना तिला ‘४२.८’ दिसले आणि त्यावरच्या रेघेवर बोट ठेवून तिने विचारले, “ये गलती किसकी है, काका?” मी म्हणालो, “माझी.”

मग आम्ही दोघे पुन्हा वर गेलो. मी नळी घट्ट धरून झटकली. पहिल्यांदा पारा हलला नाही. माझ्या हातात आता पूर्वीचा जोर नाही. तिसऱ्या झटक्याला तो उतरला. मी ती जागेवर ठेवली आणि मीनलला साध्या तापमापकासमोर उभे केले. “आधी दशांश,” मी म्हणालो. “लवकर, तुझी ऊब लागायच्या आत.”

“दोन,” ती म्हणाली. “...तेहतीस.”

मी दुसरा वाचला. दोन. तेहतीस.