लांबून दिसणारी चमकी

लेकीचे कान टोचायला मी सोनाराकडे गेले होते. शेजारी एक बाई तान्ह्या मुलाचं नाक टोचून घ्यायला आली होती. तिची आधीची लेकरं जगली नव्हती.

सोनार म्हणाले, "पहिल्यांदा बारीक तारच बरी, ताई. जखम ओली असते."

"नको, ती लाल खड्याची मोठी चमकी घाला. लांबून दिसली पाहिजे," ती काकुळतीने म्हणाली.

कुणाला दिसायला हवी, हे त्यांनी विचारलं नाही. नाक टोचलेल्या मुलाला मुलगी समजून काळ परत फिरतो म्हणे. म्हणजे मुलगी काळालासुद्धा नको!

पण माझी पहिली मुलगीच होती. तिला त्याने ओळखून नेलं.

मांडीवरच्या लेकीला मी छातीशी धरलं. हिला काय घालून लपवू?