व्याह्यांचं वाचनमंडळ

पुस्तक शेवटच्या पानापासून वाचणारा आणि तरीही वाचनमंडळ चालवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही, आमच्या बोलीत इवाई, आहे. अड्याळला त्यांची धानाची शेती आहे, आणि सोयरिकी जुळवण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. कुणाच्या मुलीसाठी स्थळ पाहायला गेले, की ते बैठकीत न बसता आधी घरामागचा गोठा, विहीर आणि भांडी घासायची जागा पाहून येतात. ‘समोरून त सारेच चांगले दिसतेत जी,’ असं त्यांचं म्हणणं. पुस्तकालाही त्यांनी हाच नियम लावला. शेवट पटला तरच ते पहिल्या पानाकडे वळतात.

मंडळ निघालं ते माझी बायको गेल्यानंतर. मी वरठीच्या घरात नुसता बसून असे. सून काहीही विचारो, माझं उत्तर ‘हूं’. अशात व्याह्यांचा फोन आला. अड्याळला दर रविवारी पुस्तकांवर चर्चा होणार होती, आणि मुलाचा बाप म्हणून पहिला मान माझा होता. मान म्हटला की मी विरघळतो. शिवाय घरात पुस्तकांचं भरलेलं कपाट असल्यामुळे मी मोठा वाचक आहे, असा सोयऱ्यांत समज होता. कपाट बायकोचं होतं. माझा त्याच्याशी संबंध किल्ली हरवण्यापुरता. पण लोकांचा गैरसमज दूर करण्याची मला कधी घाई नसते.

व्याह्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पाच-सात मंडळी जमत. चर्चा कसली, सोयरीकच ती. नायक कोणाचा, शेती ओलिताची की कोरडवाहू, पितो का, अशी कसून चौकशी होई. एक कवी नायक नोकरी नाही म्हणून व्याह्यांनी चहा यायच्या आत नापसंत केला आणि नायिकेसाठी एकोडी गावचं स्थळ सुचवलं. मी मात्र उपरणं सावरून ‘आशय’, ‘मानवी मन’ असे शब्द सोडत असे. मंडळी माना डोलवत. या लोकांना वळण लावण्यासाठीच आपला जन्म आहे, असं मला वाटू लागलं होतं.

मग व्हायचं तेच झालं. एकदा मी निम्मंच पुस्तक वाचून गेलो. नायिका तापाने फणफणली होती आणि लक्षणं काही ठीक नव्हती. तेवढ्या भरवशावर मी तिच्या मृत्यूवर बोललो, आणि बरं बोललो. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. व्याह्यांनी बराच वेळ सोसलं.

‘इवाईजी,’ ते शेवटी हळूच म्हणाले, ‘थे त शेवटल्या पानावर बांधीत धानाची रोपं लावून राहिली ना जी?’

मंडळी हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. हा मृत्यू प्रतीकात्मक आहे, असं काहीतरी सांगून मी चहा न घेता उठलो आणि पुढचे सगळे रविवार घरी बसलो. पुन्हा ‘हूं’वर आलो.

एका रविवारी सकाळी व्याही वरठीला हजर झाले. आमच्याकडे जुन्या वळणाचा बाप लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही, आणि व्याही तर येताना घरून पाण्याची बाटली आणत. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले आणि माझ्या सुनेला म्हणाले, ‘बाई, चाय मांड. माह्यासाठीबी.’

सून दारातच थबकली. मीही चक्रावलो. हे काय, असं मी विचारलं.

‘तुमी आमच्या घरची चाय टाकून उठले. मंग कोनीतरी कोनाच्या घरची प्याले पायजे ना जी,’ ते म्हणाले. चहा आला, त्यांनी तो बशीत ओतला आणि बशीकडेच पाहत म्हणाले, ‘मले पुस्तकातलं काय समजते, इवाईजी? इहीणबाई गेल्या तवापासून तुमी बोलत नव्हते. पोरगी फोनवर रडे. म्हनून त मंडळ काढलं. चूक बोला, काईबी बोला, पन बोलाले या.’

मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. मी मुकाट्याने त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसलो.

त्या दिवशी सपरीत कोणी पुस्तक उघडलं नाही. माझी बायको काय वाचायची, असं त्या पदर लावणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, आणि मी सांगायला लागलो. ती भाकरी थापता थापता मला गोष्टी सांगायची. मला येतात त्या साऱ्या गोष्टी तिच्याच तोंडून ऐकलेल्या. मी बराच वेळ बोलत होतो, आणि व्याही एकदाही मधे बोलले नाहीत. त्यांना ते लेकीच्या घरच्या चहापेक्षा जड गेलं असेल. मी मात्र सवयीने मधेमधे थांबत होतो. ती असती तर एव्हाना तिने माझ्या दोन-तीन चुका काढल्या असत्या.