दुसरा गुडघा शाबूत असल्याची अडचण

पांढुर्णा ते सौसर या पट्ट्यात माझ्या साडूभाऊंनी निम्मे-निम्मे करून पाहिले नाही, असे काही उरलेच नव्हते. संत्र्याच्या बागेत अर्ध्या झाडांना शेणखत, अर्ध्यांना ढेप, म्हणजे पेंड. घराच्या एका भिंतीला चुना, दुसरीला माती, आणि पावसाळाभर दोन्हींकडे पाहत बसणे. एकदा डाव्या मिशीला तिळाचे तेल आणि उजवीला खोबरेल लावून ते मला तिगाव स्टेशनवर घ्यायला आले होते. मी नागपूरला वर्तमानपत्रात बातमीदार. त्यामुळे त्यांना माझ्याविषयी आदर होता, बातमीवर विश्वास नव्हता. "एकच पेपर वाचून काय समजते? दोन आणत जा," म्हणत, आणि दोन्ही वाचून तिसरेच मत सांगत.

ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, पन्हेरीत, म्हणजे संत्र्याच्या रोपवाटिकेत, उकिडवे बसल्या बसल्या ते मागे वळले आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजले. जंबेरीच्या, म्हणजे खुंटासाठी लावलेल्या रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचे ते जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्यामुळे हे काम उकिडवे बसूनच होते. साडूभाऊंनी बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे. गुडघा गेला तर हे काम गेले, हे त्यांना तिथेच कळले असावे.

मी त्यांना नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. गुडघ्यातली गादी फाटली आहे. गुडघा उघडून फाटका तुकडा काढला तर अडखळणे थांबेल, पण गादी कमी झाल्याने पुढे सांधा झिजू शकतो. नाहीतर विश्रांती, मांडीचे व्यायाम आणि वाट पाहणे. गुडघा अडकून बसत नाही तोवर तेही चालेल. साडूभाऊंनी आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे आळीपाळीने पाहिले.

"डागदरसाहेब, दोन्ही फाटले असते तं बरं झालं असतं. एक कापून पाहिला असता, एक तसाच ठेवला असता."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले.

स्वतःकडे जोडी नाही म्हटल्यावर त्यांनी ती बाहेरून जमवली. मोहगावचा एक कबड्डीपटू, ऑपरेशन झालेला; आणि रामाकोन्याचे एक गुरुजी, तेच दुखणे असून ऑपरेशन न केलेले. अंगणात चहा पाजून दोघांना शेजारी शेजारी उकिडवे बसवले. खेळाडू झटकन बसला आणि उठताना कण्हला. गुरुजी कण्हत बसले आणि झटकन उठले.

"आता काय समजावं? दोघं मिळून एक गुडघा होऊन राहिला!" साडूभाऊ हवालदिल झाले. त्यांनी दोघांना पुन्हा बसायला सांगितल्यावर ओट्यावरून माझ्या मोठ्या मेहुणीचा, ताईंचा, आवाज आला.

"अवो, गुरुजीचा दुसराबी फाडता का आता? डोळे बांधाचे दिवस चालले. काही तं ठरवा!"

त्यांनी थांबायचे ठरवले. रोज खाटेवर बसून, पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलत. चालणे सुधारले, उकिडवे बसणे मात्र परत आले नाही. त्या हंगामात डोळे ताईंनी बांधले. साडूभाऊ स्टुलावरून सूचना देत. "आवळून बांध. थोडं खालून." "तुमी उगे राहा बरं," ताई म्हणत. फक्त एक वाफा त्यांनी हट्टाने स्वतः बांधला, गोणपाटावर कुशीवर आडवे होऊन, धाप लागेपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा त्यांचा तो वाफा आणि ताईंचा एक, असे दोन वाफे शेजारी शेजारी उभे होते. ताईंची रोपे हातभर उंच, एकसारखी. साडूभाऊंच्या वाफ्यात मध्ये मध्ये डोळा न धरलेली नुसती जंबेरी. मी विचारले, "कोणता सरस?"

साडूभाऊंनी गुडघा चोळला. ताई विहिरीवर होत्या.

"हे पाहाचं नसते, बातमीदार," ते म्हणाले.

पुढे पावसाळ्यात त्यांनी दोन्ही वाफ्यांतली जगलेली रोपे एकत्र करून बागेत लावली. आता त्यांना फळे येतात. कोणते झाड कुणाच्या हातचे, ते कुणालाच सांगता येत नाही; तशी सोय त्यांनीच करून ठेवली.