मंदारच्या बास ड्रमचा आवाज

“ड्रममध्ये दमच नाही,” नचिकेत म्हणाला. पनवेलच्या माझ्या स्टुडिओत त्याचा सगळा बँड स्पीकरसमोर उभा होता. ड्रमर मंदार तेवढा खाली मान घालून बसला होता.

२०११ची गोष्ट. माझ्याकडे एरवी भजनं आणि कोळीगीतं रेकॉर्ड व्हायची. नचिकेतच्या अल्बममध्ये जॅझ आणि रॉक एकमेकांवर आदळत होते. दोन सॅक्सोफोन, फाटक्या आवाजाची बास गिटार, अकरा मात्रांचा ठेका आणि मध्येच सगळ्यांचा एकदम गोंगाट. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे चुकतायत. दुसऱ्या दिवशी कळलं की तो गोंगाट मोजूनमापून केलेला आहे आणि सगळा मंदारच्या हातात आहे.

मंदार आणि मी कॉलेजात एकत्र ड्रम शिकलो. तेव्हा माझा हात जास्त चांगला होता, सगळेच म्हणायचे. पुढे मी वाजवणं सोडलं, स्टुडिओ काढला. त्याने बँकेतली नोकरी सांभाळून रोज दोन तास रियाज केला. आता काचेपलीकडे, माझ्याच ड्रमसेटवर, तो असं वाजवत होता की मला ऐकवेना. पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही.

आता थोडं तांत्रिक. पायाने वाजतो त्या मोठ्या बास ड्रमला मी दोन माइक लावतो, एक आत, एक बाहेर. एकाच्या केबलमधल्या तारा उलट्या जोडलेल्या असतील तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात. आम्ही म्हणतो, फेज उलटी झाली. मग तो ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो. उपाय एका बटणाचा.

केबल उलटी आहे हे मला सकाळीच कळलं होतं. बटण मी दाबलं नव्हतं.

“पुण्यातला एक ड्रमर आहे,” नचिकेत चाचरत म्हणाला. “त्याच्याकडून पुन्हा वाजवून घेऊ या का?”

“घ्या,” मंदार म्हणाला. “माझा पाय पूर्वीसारखा पडत नसेल.” मग माझ्याकडे बघून, “तू सांग. तुला कळतं.”

“बघू या,” मी म्हणालो.

तेवढ्यात जगनदादा बोलले. उरणचे कोळी, लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारे. कोळीगीतांसाठी माझ्याकडे नेहमी यायचे; या अल्बममधल्या दोन सॅक्सोफोनांपैकी एक त्यांचा. “मंदारचा पाय बरोबर हाय. आमी आत होतो तवा छातीत बसत होता. हितंच कायतरी गडबड हाय. तुमी बघा ना, साहेब.”

त्यांना संशय नव्हता. माझ्यावर विश्वास होता, तेच जड गेलं. मी बटण दाबलं. खोलीतल्या खुर्च्या हादरल्या. नचिकेत ओरडलाच, “अरे, हाच तर आवाज!”

मंदार हसला नाही. “हे कधी कळलं तुला?”

“सकाळी.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू माझ्यापेक्षा चांगला वाजवतोस म्हणून.”

मंदार उठला, काठ्या उचलल्या. “पुढचा पीस घेऊ,” एवढंच म्हणाला आणि आत गेला.

उरलेलं रेकॉर्डिंग आठवडाभरात झालं. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, मात्र नचिकेतने सगळ्या फाइल्स मुंबईच्या दुसऱ्या स्टुडिओत नेल्या. कारण त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सीडी आली, मंदारने नाही, जगनदादांनी आणून दिली. बास ड्रमचा आवाज मी ठेवला असता त्याहून मोठा ठेवला होता आणि तेच बरोबर होतं. ती मी आजवर दोनदाच पूर्ण ऐकली आहे.

तेव्हापासून पहिल्या टेकआधी मी प्रत्येक केबलची फेज तपासतो. आणि वाजवणाऱ्याचा हेवा वाटायला लागला, तर मिक्सिंग घेत नाही.