मागच्या खोलीत उशिरा येतंय

आमच्या सासरेबुवांनी उभी नोकरी बसस्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये, माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली सुटणार, कुठली रद्द, हे त्यांनी सांगितल्याशिवाय खुद्द गाड्यांनासुद्धा कळत नव्हतं, असं निदान त्यांचं मत आहे. सगळा स्टँड त्यांना अनाउन्सर म्हणूनच ओळखायचा. निवृत्तीच्या दिवशी खात्याने माइक काढून घेतला, घसा मात्र त्यांच्याकडेच राहू दिला, आणि त्याचे परिणाम मी सून या नात्याने भोगते आहे.

बाकीची माणसं घरात बोलतात, हे निवेदन करतात. आंघोळ करून बाहेर आले की, "बाथरूम मोकळं आहे, इच्छुकांनी त्वरित लाभ घ्यावा." मी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. तिथून परतायला जरा उशीर झाला की दारातच, "घरची सून आज नियोजित वेळेपेक्षा उशिराने धावत आहे." पहिली दोन वर्षं मी हसले. नंतर हसायचं सोडलं, पण सासरेबुवांना श्रोत्यांची गरज फारशी नसतेच. स्टँडवर तरी कोण ऐकत होतं?

सासूबाई त्यांच्या अगदी उलट. मागच्या खोलीत शिलाई मशीन, आणि लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायचं काम. बोलणं बेताचं, पण जे बोलतील ते मापात कापलेलं. दुपारी रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागतो. तेव्हा त्या हातातलं शिवण घेऊन पुढच्या खोलीत यायच्या. मोबाइलवर रेडिओ, टेबलावर एक गोल, करडा, बिनवायरचा स्पीकर, आणि दोन खुर्च्या. सासरेबुवा प्रत्येक गाण्याआधी ठासून माहिती सांगणार आणि ती हमखास चुकणार. सासूबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणणार, "अहो, ते गाणं आपण नव्या घरात आलो त्या वर्षीचं. तुम्हाला तेव्हा गोवर झाला होता." एवढ्या मोठ्या माणसाला गोवर झाला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक झालं ते असं.

मग सासूबाईंचं विसरणं सुरू झालं. गॅस चालू राहिला, किल्ली फ्रिजमध्ये सापडली, इथपर्यंत आम्ही हसण्यावारी नेलं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या, तेव्हा मात्र मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवात आहे, गोळ्या देते, पण खरं औषध म्हणजे यांना बोलतं ठेवा. जुन्या आठवणी काढा, वाद घाला, गाणी ऐका. गप्प बसल्या की लवकर हातातून जातील. हे सगळं मी घरी येऊन सासरेबुवांना शब्दशः सांगितलं. त्यांनी मान हलवली. लक्षपूर्वक ऐकल्यासारखी मान हलवणं हा त्यांचा दुसरा व्यवसाय आहे.

आणि त्यानंतरच्याच आठवड्यात त्यांनी पराक्रम केला. घरी पाहुणे होते, सासरेबुवांचेच जुने सहकारी आणि त्यांच्या बायका. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि एका बाईंना विचारलं, "मुलगी कशी आहे?" बाईंनी सांगितलं. कप हातात देताना त्यांनी पुन्हा विचारलं, "मुलगी कशी आहे?" बाई गोंधळल्या. सासरेबुवांनी मूठ तोंडासमोर माइकसारखी धरली आणि स्टँडच्या आवाजात निवेदन केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आमच्या मंडळींची स्मरणशक्ती आजपासून रद्द करण्यात आली आहे."

सगळे हसले. हसायलाच पाहिजे, पाहुणे बिचारे करणार काय. सासूबाईंनी ट्रे टेबलावर नीट ठेवला, मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की उरलेला चहा मी पाहुण्यांना विचारलासुद्धा नाही.

तेव्हापासून अबोला. साधासुधा नाही, शिस्तीतला. घरात मी आहे म्हणून निरोपांची सोय झाली होती. जेवायच्या टेबलावर दोघं समोरासमोर, आणि सासूबाई मला सांगणार, "तुझ्या सासऱ्यांना सांग, त्यांची गोळी ताटाशी ठेवली आहे." हातभर अंतरावरून सासरे मला सांगणार, "तिला सांग, दिसली." मी दोघांनाही काही सांगत नसे. निरोप आपोआप पोचत होते.

दुपारी पुढच्या खोलीतली एक खुर्ची रिकामी राहायला लागली. सासूबाईंना गाणी हवी होती, पण पुढच्या खोलीत यायचं नव्हतं. दार उघडं ठेवून लांबून ऐकायच्या. ते कळल्यावर सासरेबुवांनी आवाज वाढवला, इतका की शेजारच्या शिकवणीतली मुलं गणितं सोडून गाणी म्हणायला लागली आणि शिकवणीच्या बाई आमच्या दारात आल्या. माफी मागायला कोण गेलं? मी गेले. ज्या माणसाने नोकरीत रोज उठून हजारो अनोळखी लोकांना "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" म्हटलं, त्याला घरात तो शब्द उच्चारायचा म्हणजे घशात हाड अडकत होतं. मी त्यांना स्पष्टच म्हटलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या ते आठवतंय ना? तुम्ही आत जाऊन एकदा चुकलं म्हणा."

"गंमत केली होती मी," ते म्हणाले. "गमतीबद्दल कुणी दिलगीर नसतं."

आता प्रवेश माझ्या नवऱ्याचा. हा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्या शब्दाबाहेर नाही अशी त्याची समजूत आहे. आईबाबांचं भांडण मिटवणं त्याला झेपणारं नव्हतं, म्हणून त्याने ते सोयीचं करायचं ठरवलं. एका गिऱ्हाइकाने त्याला भेट दिलेला चौकोनी स्पीकर कपाटात पडून होता. "एक फोन, दोन स्पीकर," तो म्हणाला. "एक पुढे, एक मागे. दोघांनाही आपापल्या खोलीत गाणी. कुणी कुणाकडे जायला नको."

"म्हणजे अबोल्याला वायरिंग करून देतोस," मी म्हटलं.

"वायर नाहीये त्यात," तो म्हणाला. विनोद कळणं हे या घराण्यात एकाच पिढीपुरतं होतं.

त्या रविवारी त्याने सुट्टी सार्थकी लावली. दोन स्पीकर दोन कंपन्यांचे, त्यामुळे एकमेकांना ओळख द्यायला तयार नाहीत. हेही आमच्या घरात शोभलंच. चौकोनी जोडला की गोल सुटायचा, गोल जोडला की चौकोनी रुसायचा. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये कुठेतरी खोलात दोन्हीकडे एकदम आवाज पाठवायची सोय सापडली. फोन पुढे ठेवला तर मागचा स्पीकर तुटक बोलायचा, मागे ठेवला तर पुढचा. म्हणून मधल्या पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी एक स्टूल मांडून फोनची तिथे प्रतिष्ठापना झाली. दोन्ही खोल्यांतून गाणं सुरू झालं आणि नवरा माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं आता टाळ्या वाजवाव्या लागतात.

"मागे उशिरा येतंय," पुढच्या खुर्चीतून घोषणा झाली.

खरंच येत होतं. पुढे गाण्याची ओळ सुरू व्हायची आणि मागच्या खोलीतून तीच ओळ किंचित मागे रेंगाळत यायची. दुसऱ्या कुणी कानाडोळा केला असता. पण यांच्या आयुष्याची सगळी कमाई म्हणजे वेळेवर पोचलेला आवाज. नवऱ्याने पुन्हा डोकं घातलं आणि एक ॲप शोधलं. त्यात एक पट्टी होती. ती बोटाने सरकवली की ज्या स्पीकरचा आवाज आधी येतो त्याला जरा थांबवता यायचं. तो पॅसेजमध्ये उभा राहून दोन्हीकडे कान देत म्हणाला, "झालं. जुळलं."

"तुला तिथे उभं राहून काय कळणार?" सासरेबुवा उठून आले. "केबिनमध्ये बसणाऱ्याला कळत नसतं तिकडे काय पोचतंय. तिकडच्या माणसाला विचारावं लागतं." स्टँडवर रोज सकाळी ते माइकवरून शेवटच्या फलाटाला विचारायचे, आवाज येतोय का, आणि तिथला झाडूवाला हात वर करून ओरडायचा, येतोय. त्याशिवाय पहिली गाडी पुकारायची नाही, हा नियम. एवढी अक्कल या माणसाकडे होती, फक्त ती नोकरीवर खर्च झाली.

तर नियमाप्रमाणे तपासणी सुरू झाली. झाडूवाल्याच्या जागी माझी नेमणूक. मी मागच्या खोलीत मशीनशेजारी उभी, सासूबाई कुणाच्या तरी पँटची घडी उसवतायत, नवरा पट्टीवर, आणि पुढून हाक, "मागची खोली, आवाज येतोय का?"

"येतोय," मी म्हटलं. "पण मागाहून."

पट्टी सरकली. पुन्हा हाक, पुन्हा माझं उत्तर. तेवढ्यात दाराची बेल वाजली. पाण्याचं मीटर बघणारा माणूस, रविवारी, त्याची नोकरीनिष्ठा धन्य. मी दार उघडायला गेले, नवरा त्याला मीटर दाखवायला खाली गेला. पुढून हाक आली, "मागची खोली, आवाज येतोय का?" उत्तर नाही. पुन्हा हाक, जरा वरच्या पट्टीत. मी दारातून ओरडणार, इतक्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"येतोय. अजून उशिरा येतोय."

इतक्या दिवसांत थेट सासरेबुवांसाठी आलेलं ते पहिलं वाक्य. सासरेबुवा स्वतः पॅसेजमध्ये आले, मुलाने दाखवली होती तशी पट्टी सरकवली, खुर्चीत जाऊन बसले. "आता?"

"आता बरोबर."

एवढंच. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. डोळे भरून आले होते, ते कुणाला दाखवायचं कारण नव्हतं.

पण यंत्राचा भरवसा काय. दुसऱ्या दिवशी दुपारी जुळवलेलं पुन्हा बिघडलेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज कार्यक्रम सुरू होताना पुढून हाक, मागून उत्तर, पट्टी, पुन्हा हाक. नवरा रात्री फोन हातात घेऊन चडफडायचा. त्याने ॲप काढून पुन्हा टाकलं, स्पीकर विसरायला लावून पुन्हा ओळखायला लावले, कंपनीला तक्रार लिहिली. "आपोआप कसं हलतं?" म्हणायचा. माझ्या मते त्याने लिफ्टकडे लक्ष द्यायला हवं होतं, लोक अडकत असतील.

एका दुपारी दुकानात मालाची मोजदाद होती, मला लवकर सोडलं. मी माझ्या किल्लीने दार उघडलं. पॅसेजमध्ये सासरेबुवा पाठमोरे उभे. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी, आणि अंगठ्याने जुळलेली पट्टी हळूच मागे सरकवत होते. ज्या माणसाने गाडी दोन मिनिटं उशिरा आली म्हणून ड्रायव्हरला नाव घेऊन माइकवरून विचारलं, तो स्वतःच्या हाताने आवाजाला उशीर करत होता. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच भिंतीला टेकले. ते खुर्चीत जाऊन बसले, घसा साफ केला.

"मागची खोली, आवाज येतोय का?"

"येतोय. पण उशिरा."

"किती?"

"कालच्याएवढाच," सासूबाई म्हणाल्या.

गाणं दोन्हीकडे चालू, एक पुढे, एक मागे. मग तो स्टँडचा आवाज आला, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मशीन थांबलं. "कशाबद्दल म्हणालात?"

विसरल्या. यांनी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, आणि ज्याच्याबद्दल उघडलं ते तिथे उरलंच नव्हतं. सासरेबुवांनाही तेच वाटलं असणार. ते उठले, माझ्या समोरून गेले, मी त्यांना दिसलेसुद्धा नाही, आणि मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोललो, त्याबद्दल," ते म्हणाले. "माझं चुकलं." त्यांचा माइकशिवायचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बारीक आहे.

"माझ्या लक्षात आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या लक्षात आहे का, ते बघत होते. बसा आता, गाणं संपेल."

ते पलंगाच्या कडेला बसले. मी पॅसेजमधल्या फोनवरून पुढचा स्पीकर बंद केला. थोड्या वेळाने आतून सासरेबुवा गाण्याबद्दल काहीतरी ठासून सांगताना ऐकू आले, आणि सासूबाईंनी ते खोडून काढलं.

संध्याकाळी सासूबाईंनी मला विचारलं, आज लवकर कशी आलीस. मी सांगितलं, मोजदाद होती. भाजी चिरताना त्यांनी पुन्हा विचारलं, आज लवकर कशी आलीस. सासरेबुवा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याआधी उत्तर दिलं, साध्या आवाजात, "मोजदाद होती तिच्या दुकानात."

नवरा अजून भेटेल त्याला सांगतो की दोन कंपन्यांचे दोन स्पीकर आपण एका फोनवर आणले, आणि आता पट्टी हलायचीही थांबली. मी मान डोलावते. पुढचा स्पीकर त्या दुपारपासून बंद आहे, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागेल.