झोपून ये

बोटीवरच्या त्या सुईटमध्ये पाऊल ठेवलं आणि आमच्या दिमतीला असलेल्या बटलरने हातात एक कार्ड दिलं. मला वाटलं, जेवणाचं असेल. चष्मा लावून पाहते तर उशांचं! पिसांची उशी, कापसाची उशी, मानेसाठी वेगळी, गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची वेगळी, आणि एक कसल्याशा फुलांच्या वासाची. यातली कुठली आणू, म्हणून तो गृहस्थ अदबीने उभा. त्याला विचारावंसं वाटलं, बाबा रे, उशा राहू देत, तुझ्याकडे झोप आहे का? पण तोंडातून आलं, "कोई भी चलेगा."

हे सगळं माझ्या साठीचं निमित्त करून मुलांनी ठरवलं होतं. मुंबईहून निघून समुद्रात फिरून परत यायचं, मधे एक दिवस गोवा. मुलगा म्हणाला, "आई, तुला आराम पाहिजे." मी म्हटलं, "आराम पाहिजे तर रात्रीची एक बाई ठेव." तर म्हणतो, ठेवली होती ना एकदा. ठेवली होती खरी, पण आमच्या यांनी पहिल्याच रात्री तिच्या अंगावर पाण्याचा पेला फेकला, आणि ती सकाळी जी गेली ती राहिलेला डबा न्यायलाही आली नाही.

आमचे हे म्हणजे माझे यजमान. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होते. ट्रकवाल्यांवर आवाज चढवण्यात जन्म गेला. एका सकाळी दाढी करता करता उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. आता शब्द येतात, पण एकेक, आणि तेही अर्धे तोंडातच राहतात. म्हणून त्यांच्या डाव्या हाताशी मी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवते. चमचा एकदा वाजला तर पाणी हवं. दोनदा वाजला तर कूस बदलायची. धडाधड वाजला तर धावायचं, कारण चादर ओली व्हायच्या आत पोचायचं असतं. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये तो चमचा गॅसपाशी ऐकू येतो, न्हाणीत ऐकू येतो, जिन्यात भाजीवाल्याशी बोलताना ऐकू येतो. आणि झोपेत तर येतोच. मी झोपते म्हणजे काय, डोळे मिटते. कान उघडेच असतात.

चार वर्षं झाली या गोष्टीला. थकले मी. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. कधी कधी चमचा वाजला की माझ्या तोंडून "आले, आले, मेले मी" असं निघतं, आणि त्यांना ते ऐकू जातं, आणि मग ते बराच वेळ वाजवत नाहीत. मला स्वतःची लाज वाटते. राग काही तेवढ्याने जात नाही.

तर हे जायचं ठरलं तेव्हा उरणहून माझी नणंद आली. उभा जन्म मासळीबाजारात गेलेली बाई. तिच्या आवाजापुढे माझ्या यजमानांचंच काय, देवाचंही चालायचं नाही. "तुमी जा वयनी," ती म्हणाली, "दादाजवल मी हाय ना. पेला फेकून तर बघू दे." निघताना शेजारणी म्हणाल्या मजा करा, फोटो पाठवा. यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. बराच वेळ ओठ हलत होते. मग स्पष्ट म्हणाले, "झोपून ये."

एवढ्या लोकांत मला खरं काम सांगितलं ते त्यांनी. गाडी सागरी पुलावर लागली तेव्हा मी मनाशी ठरवलं, बाकी काही बघायचं नाही, खायचं नाही, फोटोत हसायचं नाही. झोपून यायचं.

सुईट कसला, आमचा अख्खा ब्लॉक त्यात मावला असता. बसायची खोली वेगळी, झोपायची वेगळी, आंघोळीला टब, बाहेर गॅलरी आणि तिच्यात आरामखुर्च्या. पलंग एवढा की या टोकाकडून त्या टोकाला जायचं तर मधे विसावा घ्यावा लागेल. बटलरने उशाजवळचं बटण दाखवलं, "मॅडम, कुछ भी चाहिए तो बेल दबाइए, मैं आ जाऊँगा." मी ते बटण पाहिलं आणि मला त्याचीच दया आली. बेल वाजली की धावायचं कसं, ते मला ठाऊक आहे. मी शेवटपर्यंत त्या बटणाला हात लावला नाही.

बोट निघाली तेव्हा मी गॅलरीत होते. उरणकडचा किनारा दिसला, द्रोणागिरीचा डोंगर दिसला, बंदरातल्या क्रेन दिसल्या. त्याच्या मागे कुठेतरी कर्नाळ्याचा सुळका दिसतो का बघत होते, म्हणजे त्याच्या अलीकडे आमचं घर असं धरता आलं असतं. धुरकट होतं सगळं. सूनबाई मागून म्हणाली, "आई, उन्हात नका उभ्या राहू, आत आडव्या व्हा." मी आत गेले. आणि आडवी होते न होते तोच दारावर थाप.

आता यात कुणाचाच दोष नाही. मुलांनी सगळा खर्च माझ्या सुईटवर केला होता आणि स्वतःला घेतल्या होत्या आतल्या बाजूच्या खोल्या. खिडकी नाही, उजेड नाही, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पलंगावर चढायचं. अशा खोलीत बसणार कोण? मुलगा, सून, मुलगी, जावई आणि तीन नातवंडं, सगळी माझ्याकडे. आमच्याकडे हे असंच आहे, मोठ्या माणसाची खोली ती सगळ्यांची खोली. टबात पोरं, गॅलरीत ओले टॉवेल, सोफ्यावर पत्ते, टेबलावर लेकीने कपड्यांत लपवून आणलेला चिवडा. आणि मी? मी किटलीत पाणी तापवून चहा करत होते! कोणी सांगितलं नव्हतं. हातच तसे आहेत मेले. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

जेवायला जावं तर तिथे पनीर. बारा प्रकारचं पनीर. चहूकडे समुद्र आणि ताटात पनीर, हे आमच्या नणंदेला सांगितलं असतं तर तिने बोट उलटवली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धीर केला आणि म्हटलं, मी जरा पडते. सगळे "हो, हो, पड ना" म्हणाले. न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आले, तर माझ्या पलंगावर जावईबापू! टीव्ही बघता बघता तिथेच लवंडले होते आणि असे घोरत होते की इंजिनाचा आवाज त्यापुढे फिका. लेक म्हणाली, "उठवू का?" अगं, जावयाला उठवतं का कोणी? मीच तिला गप्प केलं, वर त्याच्या अंगावर पांघरूण टाकलं. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. तो पलंग मला रात्री मिळाला, पण नातवंडं "आजीपाशी, आजीपाशी" करत तिन्ही माझ्या कुशीत. एकाचा पाय माझ्या पोटावर, दुसरीचं कोपर माझ्या गळ्याशी. लेकरांना काय म्हणणार?

गोव्याहून निघालो आणि मुलाने घरी फोन लावून दिला. नणंद मोठमोठ्याने बोलत होती, जणू बोट तिला उरणच्या धक्क्यावरून दिसत होती. "दादा बरा हाय. जेवला. मना शिव्या देतंय, म्हंजे बराच हाय." आणि तिच्या आवाजामागून आलं, टण्‌ टण्‌.

मी उभी राहिले. सोफ्यावरून उठून, पदर खोचून, दोन पावलं चाललेसुद्धा. मग समोर गॅलरी आणि पाणी. सगळे हसायला लागले. "आई, कुठे निघालीस? पोहत?" मुलगा म्हणाला. मीही हसले. हसू आलंच मला. पण सून हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग आजही माझ्या पलंगावर पसरलेल्या जावयाकडे बघितलं, हातातले पत्ते टाकले आणि म्हणाली, "आई, माझ्याबरोबर चला."

तिने मला तिच्या त्या कोंदट खोलीत नेलं. पलंगावरच्या बॅगा खाली काढल्या, मला निजवलं, पायांवर पांघरूण घातलं. "इथे कोणी येणार नाही. मी बाहेर थांबते. विचारलं तर सांगेन, आई मालिशला गेल्यात." तिने दिवा मालवला, दार लावलं, आणि बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिली. दाराखालच्या फटीत तिच्या चपला दिसत होत्या.

ती फट सोडली तर अंधार असा की डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय. थंड. शांत. ना पोरं, ना पत्ते, ना घोरणं. चार वर्षं जे मागत होते ते सगळं हातात आलं होतं. म्हटलं, आता झोप बाई.

डोळ्याला डोळा लागेल तर शपथ!

कूस बदलली. देवाचं नाव घेतलं. इंजिनाची घरघर ऐकली. आणि मग लक्षात आलं की मी इंजिन ऐकतच नाहीये, त्याच्या पलीकडचं काहीतरी ऐकायला बघतेय. कान आपले लांब लांब जात होते आणि रिकामे परत येत होते. आता कूस बदलायची वेळ झाली असेल. नणंदेला झोप लागली असेल तर? तिची झोप काय माझ्यासारखी थोडीच आहे? अंधारात मी अशी ताठ पडून राहिले आणि मला रडू फुटलं. आवाज न करता रडले, बाहेर ती पोर उभी होती ना. शेवटी उठून केस नीट केले आणि दार उघडलं. सुनेच्या तोंडावर केवढी आशा! "लागली का हो झोप?"

"लागली गं," मी म्हटलं. "छान लागली."

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मुलांनी खालूनच निरोप घेतला, त्यांना दुसऱ्या दिवशीची ऑफिसं. नणंदेने बोंबलाचं कालवण करून ठेवलं होतं. तिने मला जेवायला वाढलं, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, दोन शिव्या दिल्या आणि उरणची एसटी धरायला गेली. घरात आम्ही दोघंच उरलो.

मी त्यांच्यापाशी बसले. त्यांचे ओठ हलायला लागले. मला ठाऊक होतं काय विचारणार ते.

"झोपलीस?"

"झोपले की! ढाराढूर. उठवावं लागायचं मला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वजनकाट्यावरचा माणूस. गाडी भरलेली की रिकामी, हे काट्यावर चढायच्या आधीच ओळखायचा. मी उगाच चादरीची सुरकुती काढत बसले.

मग नेहमीचं सगळं केलं. त्यांचं अंग पुसलं, कूस बदलली, पेला आणि चमचा डाव्या हाताशी ठेवला आणि पलीकडच्या खोलीत गेले. म्हटलं, जरा पाठ टेकते, मग बॅगा उपसते. माझी उशी तीच, कडेला चपटी झालेली.

जाग आली तेव्हा घरात अंधारून आलं होतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे लागलेले, खाली पोरं खेळून घरी चाललेली. क्षणभर कळेना, मी कुठे आहे. तोंडाला कोरड, गालावर उशीचे वळ. अख्खी दुपार मी मेल्यासारखी झोपले होते. स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं. आणि मग लक्षात आलं. चमचा वाजला नव्हता.

धावले. दिवा लावला. हे टक्क जागे होते. ज्या कुशीवर निजवून गेले होते त्याच कुशीवर. चादर कमरेखाली पार ओली, आणि गार झालेली, म्हणजे आताची नव्हे. पेला जागेवर होता. चमचा नव्हता. अंथरूण चाचपलं तर त्यांच्या अंगाखाली सापडला. आपसूक जाईल अशी ती जागा नव्हती.

"हे काय?" मी ओरडलेच. "का नाही वाजवलंत?"

ते माझ्या गालावरच्या उशीच्या वळांकडे बघत होते. तोंडाची जी बाजू हसू शकते ती हसत होती. "झोपलीस," ते म्हणाले. आता विचारत नव्हते.

मला असा राग आला, असा राग आला! चादर ओढून काढली, त्यांना पुसलं, कोरडं नेसवलं, आणि सगळा वेळ तोंड चालूच. पाठीला फोड आले म्हणजे? निस्तरणार कोण? शहाणपणा सांगितला कोणी तुम्हाला? डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं. लहान पोरासारखे बघत होते माझ्याकडे.

कोरडी चादर घातली, त्यांना उशीला टेकवलं आणि तिथेच खाली बसले. चमचा त्यांच्या हातात दिला.

"वाजवा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"अहो, ऐका. तिकडे राजाराणीच्या पलंगावर मला झोप आली नाही. खोटं बोलले मघाशी. इथे आले आणि लागली, ती काय म्हणून? काही लागलं तर तुम्ही वाजवाल, या भरवशावर. आता तुम्ही असं गप्प पडून राहायला लागलात तर उद्यापासून मी डोळे कुणाच्या जिवावर मिटू?"

त्यांनी चमच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला. पेल्यावर चमचा वाजला, एकदाच.

मी उठले आणि पाणी आणायला गेले.